पाचवा पंच

हुगळी नदी कलकत्त्याच्या किल्ल्यापासून पुढे नैर्ऋत्येकडे वळली की तिच्या डाव्या काठावर गार्डन रीच हे उपनगर लागते. अठराव्या शतकात कंपनी सरकारच्या धनिक गोऱ्या अधिकाऱ्यांनी येथे नदीकाठी बागा लावल्या आणि बंगले बांधले. त्या बागांवरूनच गावाला हे नाव मिळाले. 1856 साली अयोध्येचे राज्य खालसा झाल्यावर नबाब वाजिद अली शाह येथल्याच मटियाबुर्ज भागात येऊन राहिला. 1887 साली त्याचा अंत होईपर्यंत त्याने त्या मातीवर लखनौची एक लहानशी प्रतिकृती उभी केली होती. त्याच वर्षी बेंगॉल नागपूर रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. पुढे तिचे मुख्य ठाणे गार्डन रीच येथे आले. आज दक्षिण पूर्व रेल्वेचा कारभार तेथूनच चालतो. नागपूर, गोंदिया, डोंगरगड या स्टेशनांवर ज्यांचे बालपण गेले, अशा अनेक मराठी कुटुंबांना 'बी. एन. आर.' ही तीन अक्षरे घरच्यासारखी वाटत आली आहेत. त्या अक्षरांचे एक टोक विदर्भात होते, तर दुसरे या नदीकाठी.

बागांच्या जागी पुढे गोद्या आल्या, जहाजे बांधण्याचे कारखाने आले, ज्यूटच्या गिरण्या आल्या आणि शिंप्यांच्या वस्त्या आल्या. कामगार आला की त्याला निवारा लागतो, आणि निवाऱ्याला जमीन. नदीकाठची जमीन मात्र वाढत नाही. त्यामुळे घरे एकमेकांना खेटून उभी राहिली. गल्ल्या अरुंद झाल्या. पुढे आडवे पसरायला जागा उरली नाही, तेव्हा माणसे उभ्याने वर चढू लागली.

या उपनगराच्या कारभाराचा इतिहासही असाच ओढाताणीचा आहे. 1923 च्या कायद्याने गार्डन रीच कलकत्ता महापालिकेत सामील करण्यात आले. 1932 साली ते पुन्हा बाहेर पडले आणि त्याची स्वतंत्र नगरपालिका झाली. त्यानंतर अर्ध्या शतकाने, 1984 साली, ते परत महापालिकेत आले. आपल्या घराचा नकाशा कोणाच्या टेबलावर ठेवायचा, या प्रश्नाचे उत्तर येथील रहिवाशांना साठ वर्षांत तीनदा बदलून मिळाले.

2024 च्या मार्च महिन्यात, 17 तारखेच्या मध्यरात्रीच्या सुमारास, येथील अझहर मोल्ला बागान या वस्तीत बांधकाम चालू असलेली एक पाच मजली इमारत शेजारच्या झोपड्यांवर कोसळली. रमजानचा महिना होता. गल्ली इतकी अरुंद होती की मदतीची यंत्रे आत नेणे कठीण झाले. किमान बारा माणसे दगावली. शहराचे महापौर त्याच भागातून विधानसभेवर निवडून गेलेले होते. ही इमारत बेकायदा होती, हे त्यांनी स्वतःच मान्य केले. पुढे काहींना अटक झाली, काही अधिकाऱ्यांकडून खुलासे मागविले गेले, आणि शहरभर अशा इमारतींची मोजदाद करण्याची भाषा सुरू झाली.

या घटनेतली एक गोष्ट वर्तमानपत्रांतून लवकर पुसली गेली. ती म्हणजे इमारत कोणावर पडली ही. ज्यांनी ती बांधायला घेतली त्यांच्यावर ती पडली नाही. ती पडली शेजाऱ्यांवर. पत्र्याच्या छपराखाली राहणारा माणूस शेजारी चढत जाणारे मजले रोज पाहत असतो. पाया किती खोल आहे हे त्याला कळत नाही, पण भिंत आपल्या अंगावर झुकते आहे की नाही, हे त्याच्याइतके जवळून दुसरे कोणी पाहत नाही. नगररचनेचे सगळे कायदे शेवटी या एका माणसासाठी आहेत. बांधणाऱ्याला वकील मिळतो, वास्तुविशारद मिळतो, ओळखीचा माणूसही मिळतो. शेजाऱ्याला हवी असते एक बैठक, जिच्यासमोर उभे राहून 'माझे ऐका' असे त्याला म्हणता येईल.

अशी बैठक कोणाची असावी, ती पुरी कशी भरावी, आणि तिच्यातला एखादा सदस्य आला नाही तर काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता फार किरकोळ वाटतो. कार्यालयातल्या हजेरीपटाइतकाच तो रुक्ष भासतो. परंतु न्यायाचा पुष्कळसा भाग अशा रुक्ष गोष्टींवरच उभा असतो.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. मराठी मुलुखात वतनाचा किंवा शिवेचा तंटा निघाला की गोतसभा बसत असे आणि तिच्या निवाड्याचा महजर लिहिला जात असे. त्या महजराच्या आरंभी 'हाजीर मजालस' म्हणून बसलेल्या माणसांची नावे नोंदवीत. देशमुख, देशपांडे, पाटील, शेटे, महाजन, बलुतेदार अशी ती यादी कधी कधी निवाड्यापेक्षाही लांब होई. पुढे अक्षर येणारा सही करी, न येणारा आपल्या धंद्याची खूण काढी; कुणबी नांगर काढी. निर्णय काय झाला याआधी तो कोणासमोर झाला, हे सांगण्याची ती पद्धत होती. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण आपण सहज वापरतो. पण ती खरी ठरायला आधी पाच मुखे जागेवर असावी लागतात. चारच मुखे आली, किंवा पाचव्याचे घर वादातल्या शिवेला लागूनच असले, तर परमेश्वराने कोणाच्या तोंडून बोलावे?

विसाव्या शतकात नगररचनेचे नवे कायदे झाले, तेव्हा हाच पेच नव्या रूपात उभा राहिला. अमेरिकेत 1916 साली न्यूयॉर्क शहराने कोणत्या भागात काय बांधावे आणि किती उंच बांधावे, याचे विभाग पाडले. 1920 नंतरच्या काही वर्षांत तेथील वाणिज्य खात्याने राज्यांच्या मार्गदर्शनासाठी एक नमुना कायदा तयार करून घेतला, आणि 1926 साली तो सुधारून प्रसिद्ध झाला. त्या वेळी खात्याचे मंत्री हर्बर्ट हूव्हर होते. ते पुढे अध्यक्ष झाले. या नमुन्यात एक अपील मंडळ कल्पिले होते. नियमाचा जाच झालेला मालक तेथे जाऊ शकत असे, आणि अधिकाऱ्याच्या परवानगीने ज्याचे नुकसान होते तो शेजारीही जाऊ शकत असे. मंडळाचे सदस्य पाच. अधिकाऱ्याचा हुकूम फिरवायचा किंवा नियमात सवलत द्यायची, तर पाचांपैकी चार मते एका बाजूला पडली पाहिजेत, अशी अट होती.

या अटीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. पाचही सदस्य बसले तर एकाचा विरोध असूनही अर्जदाराचे काम होऊ शकते. चार बसले तर एकमत हवे. एक जण आजारी पडल्यामुळे उरलेल्या प्रत्येकाच्या हाती नकाराधिकार आला. तीनच बसले तर तिघांचीही मते अनुकूल असून अर्ज फेटाळला जातो, कारण चार मते निघणार कोठून? म्हणजे सदस्याची गैरहजेरी तटस्थ राहत नाही. ती 'नाही' या मतात जाऊन बसते. जो आला नाही, ज्याने कागद वाचला नाही, ज्याने शेजाऱ्याचे तोंडही पाहिले नाही, त्याचे मत मोजले जाते आणि तेही नेहमी एकाच बाजूला. शेजारी अपिलात असला तर हे मत शेजाऱ्याविरुद्ध पडते. मालक अपिलात असला तर मालकाविरुद्ध.

यातून सुटण्याचे दोन मार्ग होते. एक, बैठक पुढे ढकलणे. दुसरा, पाचव्या जागेसाठी आधीच माणूस तयार ठेवणे. पहिला मार्ग सोपा असतो, म्हणून तोच सर्वत्र वापरला जातो. पण तारीख पुढे गेल्याने सर्वांचे सारखेच नुकसान होते असे नाही. अर्धवट बांधलेल्या भिंतीच्या मालकाला तारीख पुढे गेलेली बहुधा परवडते. तिच्या सावलीत झोपणाऱ्याला ती परवडत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पर्यायी सदस्यांचा. अमेरिकेतील कित्येक राज्यांनी नमुना कायद्यात ही भर घातली. कनेक्टिकट राज्याच्या कायद्यात अपील मंडळाचे पाच नियमित सदस्य आणि तीन पर्यायी सदस्य सांगितले आहेत. नियमित सदस्य नसेल तेव्हा अध्यक्षाने पर्यायी सदस्याला बसवायचे. परंतु मनाला येईल त्याला नाही. आळीपाळीने, प्रत्येकाची पाळी शक्य तितकी सारखी येईल अशा रीतीने बसवायचे. न्यू जर्सी राज्यात मंडळ सात जणांचे, आणि पर्यायी सदस्य चारपर्यंत. त्यांना पहिला, दुसरा असे क्रम नेमणुकीच्या वेळीच दिलेले असतात. ते चर्चेत भाग घेऊ शकतात, पण नियमित सदस्य गैरहजर किंवा अपात्र असल्याशिवाय मत देऊ शकत नाहीत. पर्यायी सदस्याऐवजी नियमित सदस्यालाच मत देता यावे म्हणून मतदान लांबवायचे नाही, असेही तेथील कायदा स्पष्ट बजावतो. न्यूयॉर्क राज्यात नगरांना असे सदस्य नेमण्याची मुभा मुख्यतः एका प्रसंगासाठी दिलेली आहे: नियमित सदस्याचे हितसंबंध त्या प्रकरणात गुंतलेले असतील तेव्हा.

हा शेवटचा प्रसंग गैरहजेरीपेक्षा अधिक नाजूक असतो. मोठ्या शहरात न्यायाधीश आणि पक्षकार एकमेकांना ओळखत नाहीत. वॉर्डात, पेठेत, मोहल्ल्यात तसे नसते. तेथे सदस्य हा कोणाचा तरी भाडेकरू, कोणाचा सोयरा, कोणाचा सिमेंटचा गिऱ्हाईक असतोच. तो लबाडच असेल असे नाही. पण त्याने त्या प्रकरणापुरते बाजूला व्हावे, एवढी अपेक्षा रास्त आहे. आणि तो बाजूला झाला की पाचवी जागा रिकामी पडते.

भारतीय न्यायालयांनी या प्रश्नाचा विचार नगररचनेच्या बाहेर, पण फार मुळातून केला आहे. 1969 साली क्रैपक यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे वनखात्यातील एक निवड आली. निवड मंडळावरचा एक अधिकारी स्वतःच उमेदवार होता. त्याच्या नावाचा विचार चालू असताना तो उठून गेला होता. पण प्रतिस्पर्ध्यांची नावे निघाली तेव्हा तो बसलेला होता. एवढ्यावरून न्यायालयाने ती निवड रद्द ठरविली. 1984 साली ओरिसातून महापात्रा आणि कंपनीचा खटला आला. शाळांच्या ग्रंथालयांसाठी पुस्तके निवडणाऱ्या समितीत काही लेखकच बसले होते आणि त्यांची पुस्तके निवडली गेली होती. सरकारतर्फे 'गरजेपुढे इलाज नाही' असा बचाव पुढे आला. दुसरा कोणी अधिकारी उपलब्धच नसेल तर हितसंबंध असलेल्यानेही निर्णय द्यावा, असे तत्त्व कायद्यात आहे. न्यायालयाने ते येथे लागू केले नाही, कारण त्या सदस्यांच्या जागी दुसरी माणसे नेमणे अशक्य नव्हते. पर्यायी सदस्याच्या कल्पनेचा सारा गाभा या एका विचारात आलेला आहे. गरजेचा बचाव तेव्हाच खरा, जेव्हा राखीव माणूस मिळणे शक्य नसते. तो आधीच नेमून ठेवला की आडोसाही उरत नाही.

आपल्याकडे माणूस बदलण्याची पद्धत मुळीच नाही असे नाही. उलट ती फार आहे. आपल्या समित्यांवर अधिकारी पदसिद्ध असतात: पोलिसांचा एक, अग्निशमन दलाचा एक, विकास प्राधिकरणाचा एक. आणि त्यांच्या पदनामापुढे 'किंवा त्यांचा प्रतिनिधी' असे शब्द पुष्कळदा आढळतात. साहेबांना वेळ नसतो. ते हाताखालच्याला पाठवतात. त्यालाही वेळ नसतो. तो आणखी कोणाला तरी पाठवितो. या महिन्याच्या बैठकीला एक चेहरा, पुढच्या महिन्याला दुसरा. तो बोलत नाही, कारण त्याला अधिकार नाही; तो मत देत नाही, कारण साहेबांना विचारायचे आहे. तो टिपण घेतो आणि चहा पिऊन जातो. कागदावर बैठक पूर्ण भरलेली असते.

हा प्रतिनिधी आणि पर्यायी सदस्य यांच्यात महत्त्वाचा भेद आहे. प्रतिनिधी दुसऱ्याच्या वतीने बसतो. पर्यायी सदस्य स्वतःच्या जबाबदारीवर बसतो. प्रतिनिधीला त्या दिवशी सकाळी नेमतात. पर्यायी सदस्याला प्रकरण दाखल होण्याच्या कितीतरी आधी नेमलेले असते. प्रतिनिधी कोणाला पाठवायचे, हे गैरहजर राहणारा ठरवितो. पर्यायी सदस्य कोणता बसेल, हे आधी ठरलेला क्रम ठरवितो. म्हणूनच पक्षकाराला त्याचे नाव आगाऊ कळते, आणि त्याच्याविषयी हरकत घ्यायची असेल तर तीही आगाऊ घेता येते.

क्रिकेटच्या मैदानावर बारावा गडी असतो. त्याला क्षेत्ररक्षण करता येते, फलंदाजी करता येत नाही, गोलंदाजीही करता येत नाही. परंतु पर्यायी सदस्याला ही उपमा अर्धीच लागू पडते, कारण तो एकदा बसला की पूर्ण सदस्य असतो. अधिक जवळचे उदाहरण आपल्या मीमांसाशास्त्रात सापडते. यज्ञातील द्रव्य मिळाले नाही तर त्याच्याऐवजी काय चालेल, याचा विचार करताना जैमिनीच्या सूत्रांत एक मोठे मार्मिक प्रकरण येते. सत्र नावाचा यज्ञ अनेक यजमान मिळून करीत. त्यांची संख्या किमान सतरा हवी. यज्ञ चालू असताना त्यांतील एक मरण पावला तर? शास्त्राचे उत्तर असे की, संख्या भरून काढण्यासाठी दुसरा माणूस घ्यावा. त्याने यजमानाची सर्व कर्तव्ये करावीत. फळ मात्र त्याला नाही. शेकडो वर्षांपूर्वीच्या या निर्णयात पर्यायी सदस्याचे लक्षण आले आहे: काम पुरे, जबाबदारी पुरी, मिळकत शून्य. अपील मंडळाच्या त्या जागेवर बसून ज्याला काहीच मिळवायचे नसते, असाच माणूस तेथे हवा असतो.

या पद्धतीवर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप असा की, राखीव माणूस आहे म्हटल्यावर नियमित सदस्य घरी बसू लागतील. हे घडू शकते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाच्या हजेरीची नोंद ठेवून ती प्रसिद्ध करणे, आणि ठरावीक बैठका चुकविणाऱ्याची जागा आपोआप रिकामी होईल असा नियम घालणे. दुसरा आक्षेप असा की, अध्यक्षाच्या हाती राखीव माणसांची पोतडी दिली तर तो आपल्या सोयीचा माणूस काढील. म्हणून तर आळीपाळीचा नियम. म्हणून तर पहिला, दुसरा असे क्रम. माणूस निवडण्याचा अधिकार ज्याच्या हाती राहिला, त्याच्या हाती निकालही राहिला, हे विसरून चालत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. अर्धे प्रकरण एका सदस्याने ऐकावे आणि उरलेले दुसऱ्याने, याला सुनावणी म्हणता येईल काय? 1958 साली सर्वोच्च न्यायालयापुढे गुल्लपल्ली नागेश्वर राव यांचा खटला आला. आंध्र प्रदेशात बसवाहतुकीच्या राष्ट्रीयीकरणाच्या योजनेवर लोकांच्या हरकती सचिवाने ऐकल्या आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ठरवायचे, ही सुनावणी नव्हे, असे न्यायालयाने बजाविले. तेव्हा पर्यायी सदस्य बसवायचा तर तो प्रकरणाच्या आरंभापासून बसला पाहिजे, आणि निकालापर्यंत त्यानेच बसले पाहिजे. मधल्याच तारखेला नियमित सदस्य प्रवासाहून परतला म्हणून जागांची अदलाबदल करता येणार नाही. न्यू जर्सीच्या कायद्याने येथे एक सवलत ठेवली आहे. सदस्याची एखादी तारीख चुकली असेल तर त्या दिवसाच्या कामकाजाची संपूर्ण नोंद वाचून किंवा ध्वनिमुद्रण ऐकून, तसे केल्याचे लेखी दिल्यावर त्याला मत देता येते. ही सवलत आपल्याकडे आणायची तर आधी बैठकीचे कामकाज शब्दशः नोंदवावे लागेल. सध्या अनेक ठिकाणी 'चर्चा होऊन मंजूर' या शब्दांतच सारे इतिवृत्त संपते.

आपल्या कायद्यांत हे कोठे बसू शकेल? महाराष्ट्रात 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, लोक हरकती घेतात, आणि त्या ऐकण्यासाठी नियोजन समिती बसते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचनेचे ज्ञान असलेले जास्तीत जास्त चार. कोणाच्या घरावरून रस्ता जाणार, कोणाच्या शेतावर बगीच्याचे आरक्षण पडणार, हे या मूठभर माणसांपुढे मांडायचे असते. मोठ्या शहरात हरकती हजारांनी येतात. सात माणसांनी त्या ऐकाव्यात, सर्व दिवस सर्वांनी बसावे, आणि त्यांतील कोणाचाही एकाही भूखंडाशी संबंध नसावा, ही अपेक्षा माणसाच्या आवाक्याबाहेरची आहे. अशा समितीला दोन-तीन पर्यायी सदस्य आरंभापासून जोडून दिले, तर काम थांबणार नाही आणि ज्याने बाजूला व्हायचे त्यालाही संकोच वाटणार नाही.

घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने, जी 1993 च्या जून महिन्यात अंमलात आली, महानगरांसाठी नियोजन समितीची तरतूद केली. तिच्यातील किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निर्वाचित सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यांतून निवडून द्यायचे. कलकत्त्यात ही समिती 2001 साली स्थापन झाली. कल्पना चांगली आहे; पण निर्वाचित सदस्य नसतील त्या काळात त्या जागांवर कोण बसणार? कलकत्ता महापालिकेची मुदत 2020 च्या मे महिन्यात संपली. साथीमुळे निवडणूक लांबली, आणि 2021 च्या डिसेंबरात ती होईपर्यंत प्रशासकांच्या मंडळाने कारभार पाहिला. मुंबई महापालिकेची मुदत 2022 च्या मार्चमध्ये संपली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचाच अंमल राहिला. सभागृहच रिकामे असले तर पर्यायी सदस्याने काही साधत नाही. तो एका खुर्चीची उणीव भरून काढतो, निवडणुकीची नाही. हे या योजनेचे खरे माप आहे, आणि त्याहून मोठे माप तिला लावणे अन्यायाचे होईल.

गार्डन रीचच्या त्या इमारतीपुरते पाहिले तर आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करावी लागते. ती इमारत बेकायदा होती. तिच्या मजल्यांना मंजुरी देणारे कोणतेही मंडळ नव्हते. जेथे प्रकरण मंडळापुढे येतच नाही, तेथे पाचव्या पंचाच्या असण्या-नसण्याने काय होणार? डोळ्यांदेखत मजले चढत असताना ज्यांनी पाहायचे त्यांनी पाहिले नाही, तर त्या दोषाला पर्यायी सदस्य हे औषध नव्हे.

तरीही दोन धागे येथे येऊन मिळतात. बेकायदा बांधकाम उघडकीस आले म्हणजे ते लगेच पडत नाही, आणि कायद्याच्या राज्यात ते तसे पडूही नये. कलकत्ता महापालिकेच्या 1980 च्या कायद्याप्रमाणे आधी नोटीस, मग सुनावणी, मग पाडण्याचा हुकूम, आणि त्या हुकमावर इमारत न्यायाधिकरणाकडे अपील, असा क्रम आहे. हा क्रम रास्त आहे, कारण आज बांधणारा दोषी असेल, उद्या निर्दोष माणसालाही याच क्रमाचे रक्षण लागेल. पण या साखळीतील प्रत्येक कडीला माणसे लागतात. एका कडीपाशी बैठक भरली नाही, दुसरीपाशी सदस्य निवृत्त झाला आणि नवा आला नाही, तिसरीपाशी सदस्याने हितसंबंधामुळे अंग काढून घेतले, की साखळी जागच्या जागी थांबते. बांधकाम मात्र थांबलेले असतेच असे नाही.

दुसरा धागा उलट बाजूने येतो. जो माणूस आपल्या दोन खोल्यांवर तिसरी खोली नियमाने चढवू इच्छितो, त्याचीही याच दारात खेपा घालून दमछाक होते. बैठक भरत नाही, उत्तर मिळत नाही, आणि घरात मुलाचे लग्न ठरलेले असते. शेवटी कोणी तरी त्याला सांगतो की परवानगीच्या नादी लागू नकोस, मी सांभाळून घेतो. राजमार्ग वारंवार बंद दिसला की आडवाटेवर पावलांच्या खुणा वाढतात. आडवाटेने गेलेल्या सर्वांचाच हेतू वाईट नसतो. मात्र त्या वाटेवर पाया तपासणारा कोणी भेटत नाही.

म्हणून खुर्ची रिकामी राहू न देणे ही निव्वळ कार्यालयीन शिस्त ठरत नाही. तिच्यात एक आश्वासन असते: जो येईल त्याचे ऐकले जाईल, ठरलेल्या दिवशी ऐकले जाईल, आणि ज्याचा त्यात स्वार्थ नाही अशा माणसांकडून ऐकले जाईल. त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. प्रत्येक समितीला दोन-तीन अधिक माणसे लागतात. त्यांची नावे आधी जाहीर झालेली असावी लागतात, त्यांचा क्रम ठरलेला असावा लागतो, आणि पहिल्या दिवसापासून कागद त्यांच्याही हाती पडावे लागतात. निवृत्त अभियंते, शाळेचे मुख्याध्यापक, वास्तुविद्येचे अध्यापक, मोहल्ल्यातील जाणत्या स्त्रिया अशी माणसे प्रत्येक वॉर्डात असतात. त्यांना कोणी विचारलेले नसते, एवढेच.

अझहर मोल्ला बागानच्या त्या गल्लीत गेलेली माणसे कोणत्याही समितीपुढे आली नव्हती. त्यांच्यासारखी माणसे आज या देशाच्या प्रत्येक शहरात चढत्या भिंतींच्या पायथ्याशी राहत आहेत. त्यांपैकी कोणी तरी उद्या अर्ज घेऊन महापालिकेच्या जिन्यावर उभा राहील. तो दिवसाचा रोजगार बुडवून आलेला असेल. त्याला 'आज सदस्य पुरे नाहीत, पुढच्या महिन्यात या' असे सांगावे लागू नये, एवढी व्यवस्था नगराने करून ठेवली पाहिजे.